मेन बेअरिंगचे बोल्ट: ६५ एनएम आणि वर पाव फेरा, की मिस्त्रींचा हात?

रंकाळाकाठ (शनिवार, सकाळी ७:४०)

नमस्कार मंडळी. बाबांची २००५ ची ऑक्टाव्हिया आहे, १.९ टीडीआय, व्हीई डिझेल पंपवाली. २ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. दिवाळीत आंबोली घाटातून परत येताना दगड लागून संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) फुटला. तेल गेलं, लाल दिवा लागला आणि गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत आम्ही ती तशीच दामटली. तेवढ्या दीड-दोन किलोमीटरनी तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची बिग एंड बेअरिंगं (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, धरतो तिथली) खाल्ली.

इंजिन उतरवलं. क्रँक उद्यमनगरात ग्राइंड करून आणली. मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये जिथे टेकून फिरते त्या गोल जागा) ५४.०० मिमीवरून ५३.७५ वर आणि बिग एंडचे ४७.८० वरून ४७.५५ वर, म्हणजे ०.२५ ची पहिली अंडरसाइज. त्या मापाची बेअरिंगं आणून ठेवली आहेत.

आता बांधायचंय. आमचे मिस्त्री तीस वर्षं इंजिनं बांधतायत आणि माणूस अत्यंत प्रामाणिक. पण त्यांचं म्हणणं, "बोल्ट जुनेच घालू, आटे चांगले आहेत. किती आवळायचं ते माझ्या हाताला कळतं." मॅन्युअलमध्ये मेन कॅपला (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणारी कमान) ६५ एनएम (न्यूटन-मीटर, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं, टॉर्कचं माप) आणि वर ९० अंश, बिग एंडला ३० एनएम आणि वर ९० अंश, आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या (टायमिंग बेल्ट फिरवणारं क्रँकवरचं दातेरी चाक) मधल्या बोल्टला १२० एनएम आणि वर ९० अंश असं आहे. तिन्ही ठिकाणी बोल्ट नवीन घ्या असंही लिहिलंय.

मला विचारायचंय ते असं. नवीन बोल्ट खरंच लागतात का? ६५ वर थांबून मग पाव फेरा देण्यामागचं कारण काय, सरळ एकच मोठा आकडा का देत नाहीत? आणि मिस्त्रींना न दुखावता हे कसं सांगू? बाबांचा या गाडीत फार जीव आहे, म्हणून एवढं विचारतोय.

---

पिठलंभाकरी (७:५८)

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल. 😀

---

घाटरस्ता (८:१५)

बोल्ट नवीनच घे रे. स्प्रॉकेटच्या बोल्टाबद्दल माझा अनुभव आहे, तो मोठा आहे. जरा निवांत झालो की लिहितो.

---

जुनी_जीप (८:४०)

मी वेगळं मत मांडतो. आमच्या वडिलांचं संगमनेरात गॅरेज होतं. महिंद्रा जीपची प्युजो इंजिनं, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळं बांधलं. टॉर्क पाना कधी हातात धरला नाही. तीन फुटी पाइप आणि अंदाज. एकाही इंजिनाची मेन कॅप सुटली नाही. मॅन्युअलवाल्यांना बोल्ट विकायचे असतात हेही लक्षात घ्या. मिस्त्रींच्या हातावर विश्वास ठेवा.

---

निवृत्त_फिटर (९:३०)

रंकाळाकाठ, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. मी पिंपरी पट्ट्यातल्या एका कारखान्यात इंजिन असेंब्लीवर २६ वर्षं होतो, त्यातली शेवटची नऊ वर्षं नुसती आवळणीची तपासणी केली.

बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग. आपण तो फिरवतो तेव्हा त्याला ताणत असतो, आणि त्या ताणाने कॅप ब्लॉकला दाबून धरली जाते. आपल्याला हवा असतो तो हा ताण. टॉर्क पाना ताण मोजतच नाही, फिरवायला किती जोर लागला तेवढंच सांगतो. त्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. ताणायला उरतो फक्त दहाएक टक्के. म्हणजे डोक्याखाली जरा गंज असला, आट्यात जरा कचरा असला, एका बोल्टला तेल आणि दुसरा कोरडा असला, तर पान्यावर दोन्हीकडे ६५ दिसेल आणि आत ताण मात्र वेगवेगळा असेल. नुसत्या टॉर्कने आवळलं तर ताणात २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होणं काही विशेष नाही.

म्हणून आधी कमी टॉर्क द्यायचा. त्याने कॅप बसते, फटी मिटतात, सगळे बोल्ट एका पातळीवर येतात. मग पुढे कोन. कोनाला घर्षणाशी देणंघेणं नसतं. १.७५ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) धर, पाव फेऱ्यात बोल्ट ०.४४ मिमी पुढे सरकणारच, मग आटे कोरडे असोत की ओले. त्यातला थोडा भाग कॅप दबण्यात जातो, बाकीचा बोल्ट लांब होण्यात.

आता नवीन बोल्ट का. हे बोल्ट मुद्दाम इतके ताणले जातात की पोलाद आपल्या लवचिकपणाच्या हद्दीपर्यंत पोचतं आणि जरा पलीकडेही जातं. तिथे ताण जवळपास एकसारखा राहतो, म्हणून दहाच्या दहा बोल्ट सारखे धरतात. पण हद्द ओलांडलेला बोल्ट सोडल्यावर पूर्वीच्या लांबीला परत येत नाही. तो पुन्हा तसाच ताणला तर आणखी लांबतो आणि मधे कुठेतरी बारीक होतो. आटे चांगले दिसतात हे मिस्त्रींचं म्हणणं खरं असेल. बोल्ट थकतो तो आट्यांत नाही, त्याच्या दांड्यात थकतो.

---

मीटरगेज (१०:०५)

काकांनी इतकं सोपं करून सांगितलंय की हे मी पोरांना वाचून दाखवणार आहे. मी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल ट्रेड शिकवते.

जुनी_जीप दादा, तुमच्या वडिलांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण त्या इंजिनांचे बोल्ट आणि हे बोल्ट एका जातीचे नाहीत. जुन्या इंजिनांत बोल्ट जाड, कॅप जड, आणि आवळण हद्दीच्या पुष्कळ आत. कितीतरी ठिकाणी खाचेचा नट आणि त्यातून स्प्लिट पिन किंवा दुमडायची पत्री. दहा-वीस टक्के कमीजास्त झालं तरी ते इंजिन पोटात घालायचं. या टीडीआयमध्ये तशी ढील ठेवलेलीच नाही.

पिठलंभाकरींच्या "वेगळ्या धाग्या"ला माझं उत्तर: मिस्त्रींना पाना विकत घेऊन द्या आणि कोनाचा पाव फेरा त्यांच्याच हातून करून घ्या. त्यांच्या हाताला जे कळतं ते त्या पाव फेऱ्यात खरोखर लागतं. पाना आधी जड होत जातो, मग एका जागी जडपणा वाढायचा थांबतो आणि तो लोण्यातून गेल्यासारखा एकसारखा फिरतो. ते त्यांना आपल्या दोघांपेक्षा आधी जाणवेल.

---

जुनी_जीप (१०:३०)

ताई, स्प्लिट पिनचं बरोबर आहे, प्युजोला आम्ही ती घालायचो. बोल्टचं थकणं मला नवीन आहे. पण एक सांगा, हात जर इतका चुकतो तर इतकी वर्षं आमची इंजिनं चालली कशी?

---

निवृत्त_फिटर (१०:५२)

चालली कारण हात चांगला होता आणि इंजिन सहनशील होतं. हाताचा अंदाज अनुभवी माणसाचा एका बैठकीत फार बदलत नाही. पण सकाळचा पहिला बोल्ट आणि संध्याकाळचा विसावा बोल्ट यांत बदलतो, बसून आवळलेला आणि वाकून आवळलेला यांतही बदलतो. पाइप लांब असला की जोर कमी वाटतो आणि माणूस नकळत पुढे जातो. आमच्याकडे नवीन मुलांना डोळे मिटून "६५ झालं की थांब" सांगायचो. बहुतेक जण ८० च्या पुढे जायचे आणि चेहऱ्यावर मात्र ठाम विश्वास!

---

कासवगती (११:२०)

विषयांतर करतो, क्षमस्व. टॉर्कला मराठीत काय म्हणायचं? शाळेत आघूर्ण की असं काहीतरी होतं.

---

मीटरगेज (११:३१)

पुस्तकात आघूर्ण. माझ्या वर्कशॉपमध्ये सगळे टॉर्कच म्हणतात. आमच्या गावाकडचे एक जुने मिस्त्री मात्र "बोल्टाला पीळ दे" म्हणायचे. मला तो शब्द फार आवडतो.

---

पिठलंभाकरी (११:३५)

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. काकांचं ऐकून कळलं, बोल्टचा मात्र जातो.

---

घाटरस्ता (दुपारी १२:४५)

आता लिहितो. याच जातीचं इंजिन, माझ्या मेव्हण्याच्या गाडीत. टायमिंग बेल्ट बदलताना एका गॅरेजने क्रँकचं पुढचं तेल सील पण बदललं. त्यासाठी दात्यांचं स्प्रॉकेट काढावं लागतं आणि त्याचा मधला बोल्ट सोडावा लागतो. तो जुनाच परत घातला आणि हवेच्या गनने "टरर्र" करून बसवला.

आठ महिने काही नाही. मग सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, धूर, गरम झाल्यावर खडखड. इंजेक्टर तपासले, पंप तपासला, महिनाभर भलत्याच गोष्टींवर पैसे घातले. शेवटी मी सांगली रोडवरच्या एका ओळखीच्या माणसाकडे नेली. त्याने पुली काढली आणि म्हणाला, इकडे बघ. स्प्रॉकेटच्या मागे, बोल्टच्या वॉशरभोवती लालसर तपकिरी भुकटी बसली होती, हळदीत कुंकू कालवल्यासारखी. गंज नव्हता तो. लोखंडावर लोखंड बारीक बारीक घासून पडलेली पूड होती. स्प्रॉकेटच्या आत एक छोटा ठोंब असतो, तो क्रँकच्या नाकातल्या खाचेत बसतो. तो ठोंब एका बाजूने चाटला गेला होता, क्रँकची खाच रुंदावली होती आणि टायमिंग तेवढं मागे सरकलं होतं.

सगळ्यांना वाटतं स्प्रॉकेटला तो ठोंब फिरवतो. तो फक्त जागा दाखवायला आहे. कॅम, पंप, सगळ्यांचा भार बोल्टच्या दाबाने, तोंडाला तोंड घट्ट चिकटून जातो. दाब कमी पडला की ठोंबावर भार येतो आणि तो काही त्यासाठी बनवलेला नाही. मेव्हण्याला क्रँक बदलावी लागली. एका बोल्टपायी.

---

रंकाळाकाठ (१:१०)

बापरे. मी मेन कॅपच्याच काळजीत होतो, या बोल्टाकडे माझं लक्षच नव्हतं.

---

मीटरगेज (१:४०)

त्या बोल्टाबद्दल एक गोष्ट नीट वाचा, यात शिकलेली माणसंही चुकतात. बिग एंडच्या बोल्टना आट्यांवर आणि डोक्याखाली तेल लावायचं. स्प्रॉकेटच्या मधल्या बोल्टला तेल-ग्रीस अजिबात नको, आटे आणि खांदा दोन्ही स्वच्छ कोरडे. "क्रँकचेच बोल्ट आहेत" म्हणून सगळे एकाच डब्यात बुडवू नका. स्प्रॉकेटची दोन्ही तोंडं आणि क्रँकचं नाक ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

आणि १२० एनएम देताना क्रँक धरायला कॅमची लॉकिंग पट्टी किंवा पंपाची पिन वापरायची नाही. त्या फक्त जागा राखायला आहेत. धरायचं ते स्प्रॉकेटला काउंटर होल्डने (अडवून धरायची दांडी) किंवा फ्लायव्हीलचे (क्रँकच्या मागचं जड चाक) दाते अडकवून.

---

वाचनमात्र (२:१५)

दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. माझा टॉर्क पाना ऑनलाइन घेतलेला, क्लिकवाला. तो बरोबर दाखवतो की नाही ते घरी कसं तपासायचं? गावात कॅलिब्रेशनची सोय नाही.

---

निवृत्त_फिटर (३:००)

स्वागत आहे. चांगला प्रश्न.

कारखान्यात आम्ही आयएसओ ६७८९ धरून चालायचो. क्लिकवाल्या पान्याला ४ टक्के कमीजास्त चालतं, आणि १२ महिने किंवा ५००० वेळा आवळणं, यातलं जे आधी होईल तेव्हा तपासणी. घरी एवढं करा:

पान्याचा चौकोन (ज्यावर सॉकेट बसतं तो) व्हायसमध्ये घट्ट धरा, पाना आडवा राहील असा. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. माझ्या पान्यात ते ४२ सेंमी आहे. मुठीच्या मध्यावर सुतळीने बादली टांगा. ६५ एनएमला तिथे १५.८ किलो वजन हवं (६५ भागिले ०.४२, त्याला भागिले ९.८१). बादलीत हळूहळू पाणी ओता. क्लिक झालं की थांबा आणि बादली पाण्यासकट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. पान्याचं स्वतःचं वजनही थोडं ओढतं, म्हणून किलोच्या आतबाहेर फरक आला तर घाबरू नका. तीन वेळा करून बघा. तिन्ही वेळा वेगळं आलं तर तो पाना टाकून द्या. तिन्ही वेळा सारखंच पण चुकीचं आलं तर निदान किती चुकतो ते तरी कळलं.

काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर सोडून ठेवा, स्प्रिंग दाबून ठेवू नका. आणि क्लिक झाल्यावर "खात्रीसाठी" दुसऱ्यांदा क्लिक करू नका, दर वेळी बोल्ट थोडा पुढे जातो.

---

हॅनोव्हरकर (३:२५)

काकांच्या बादलीला माझा सलाम. इथे माझ्या तळघरात मी तेच करतो, फक्त बादलीऐवजी मुलाचं दप्तर असतं.

एककांबद्दल एक सावधगिरी. स्वस्त पान्यांवर दोन मापं कोरलेली असतात, एका बाजूला एनएम आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड. माझ्या एका मित्राने अंधाऱ्या गॅरेजमध्ये चुकीच्या बाजूला ६५ लावलं. ते झालं ८८ एनएम, आणि वर पाव फेरा. तिसऱ्या कॅपचा बोल्ट ब्लॉकमध्येच तुटला. भारतात जुन्या पुस्तकांत केजीएम (किलोग्रॅम-मीटर) असतं, तिथे ६५ एनएम म्हणजे ६.६ केजीएम.

---

रंकाळाकाठ (संध्याकाळी ६:५०)

मंडळी, मिस्त्रींना सगळा धागा वाचून दाखवला. मीटरगेज ताईंचं "पाव फेरा त्यांच्याच हातून" ऐकल्यावर ते हसले आणि म्हणाले, "बाई शिकवतात म्हणजे कामातल्याच असणार. आण तुझा पाना." नवीन बोल्टची ऑर्डर दिली: मेनचे १०, बिग एंडचे ८, स्प्रॉकेटचा १.

आता बांधणीचा क्रम नीट सांगा. उद्या रविवार आहे, मोजमाप उद्याच करायचा विचार आहे. नवीन बोल्ट मंगळवारी येतील. तोपर्यंत थांबू का?

---

निवृत्त_फिटर (७:३०)

थांबू नकोस. मोजायला जुनेच बोल्ट वापर, ते बरंच. मोजताना मेनला ६५ आणि बिग एंडला ३० पर्यंतच जायचं, पाव फेरा द्यायचा नाही. प्लॅस्टिगेजची तार (मोकळीक मोजायची, दाबली की चपटी होणारी मऊ तार) जर्नलवर आडवी ठेव, कॅप बसव, आवळ, सोड आणि चपटी झालेली तार कागदी पट्टीशी ताडून बघ. मधे क्रँक फिरवलीस तर तार फासली जाईल आणि माप खोटं येईल. मेनला ०.०३ ते ०.०८ मिमी मोकळीक हवी.

त्याआधी ब्लॉकची भोकं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि यावरच सगळं अवलंबून आहे. ग्राइंडिंगवाल्याकडून आलेल्या ब्लॉकच्या भोकात भुकटी, तेल, पाणी काहीही असतं. भोक खाली बंद असेल आणि तळाशी तेल साठलेलं असेल तर बोल्ट उतरताना ते दाबलं जातं आणि त्याला जायला जागा नसते. पाना ६५ दाखवतो आणि कॅप सैल असते. वाईट प्रसंगी ब्लॉकला चीर जाते. आटे ब्रशने साफ कर, ब्रेक क्लीनर मार, कॉम्प्रेसरची हवा मार (डोळ्यांवर चष्मा), आणि मग बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत जातो का बघ. एकही भोक त्यातून सोडू नकोस.

---

मीटरगेज (८:१०)

काकांच्या पुढे मी जोडते.

बेअरिंग शेलची (बेअरिंगचा अर्धगोल तुकडा) पाठ आणि कॅपमधली बैठक कोरडी ठेवायची. तेल फक्त क्रँकच्या बाजूच्या तोंडाला. पाठीला तेल लागलं तर शेलमधली उष्णता ब्लॉकमध्ये नीट जात नाही. तेलाचं भोक असलेले शेल ब्लॉकमध्ये, आणि भोक भोकावर आलंय हे डोळ्यांनी बघा. थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे) तिसऱ्या मेनला.

कॅपचे आकडे. पहिली कॅप पुलीच्या बाजूला. ब्लॉक आणि कॅप कारखान्यात एकत्र बांधून मग आतून बोअर केलेले असतात, त्यामुळे दोन आणि चारची अदलाबदल केली तर कॅप बसते, बोल्ट लागतात, आणि क्रँक फिरत नाही. बिग एंडचंही तसंच, ज्या रॉडची त्याच रॉडला आणि त्याच तोंडाने. जोड्या आधीच मार्करने खुणा करून ठेवल्या असतील अशी आशा.

आवळायचा क्रम मधून बाहेर: आधी तिसरी, मग दुसरी-चौथी, मग पहिली-पाचवी. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, मग ६५ चा एक फेर. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. जिथे जड होईल ती शेवटची कॅप दोषी, पुढे जाऊ नका. सगळ्यांना ६५ झाल्यावर अक्षीय हालचाल (क्रँकचं पुढेमागे सरकणं) डायल गेजने मोजा, नवीन बांधणीत ०.०७ ते ०.१७ मिमी. सगळं पटलं की मगच पाव फेरा.

---

जुनी_जीप (८:४५)

प्रत्येक कॅपनंतर फिरवून बघायचं हे आमचे वडीलही करायचे! एका बोटाने क्रँक फिरली पाहिजे, म्हणायचे. बरं वाटलं वाचून.

पाव फेरा बरोबर झाला हे कसं ओळखायचं? कोनाचा गेज नसेल तर?

---

हॅनोव्हरकर (९:१०)

जीपदादा, गेज नसला तरी चालतं. षटकोनी डोकं असेल तर एक बाजू म्हणजे ६० अंश, म्हणून ९० म्हणजे दीड बाजू. बारा टोकांचं असेल तर तीन टोकं. मी दर बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या मार्करने बारावर एक ठिपका देतो आणि कॅपवर तीनच्या जागी दुसरा. ठिपका बारावरून तीनवर आला की संपलं. दोन-तीन टप्प्यांत फिरवलं तरी हरकत नाही, एका दमात झालाच पाहिजे असं नाही. ठिपक्यांचा दुसरा फायदा, कुठला बोल्ट राहिला ते लांबून दिसतं.

पाव फेऱ्यानंतर टॉर्क पाना लावून "बघू किती झालं" करायचं नाही. तो आकडा आता काहीच सांगत नाही.

---

घाटरस्ता (९:३०)

पाव फेऱ्यासाठी टॉर्क पाना वापरूच नका. साधी लांब दांडी घ्या. पाना वाचेल.

---

रंकाळाकाठ (पुढचा रविवार, रात्री ९:१५)

उशिरा कळवतोय, पण सगळं सांगतो.

मेनची मोकळीक पाचही ठिकाणी ०.०५ च्या आसपास आली. भोकं साफ करताना चौथ्या मेनच्या डाव्या भोकातून हवा मारल्यावर काळं पाणी उडालं. चमचाभर तरी असेल. मिस्त्री त्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे मी तसंच आवळलं असतं."

मंगळवारी बोल्ट आले. जुने आणि नवे मेन बोल्ट काचेवर शेजारी उभे केले आणि व्हर्नियर लावला. दहापैकी सहा जुने बोल्ट नव्यापेक्षा लांब, सर्वांत जास्त ०.४ मिमीने. मिस्त्रींनी तो बोल्ट बोटांत फिरवून फिरवून पाहिला.

६५ मी दिलं, पाव फेरा त्यांनी. तिसऱ्या कॅपच्या दुसऱ्या बोल्टला ते मधेच थांबले आणि म्हणाले, "आला. इथून हलका झाला." ठिपका तेव्हा अडीचवर होता. तीनपर्यंत गेले आणि पाना खाली ठेवला. बिग एंडला तेल लावून ३० आणि पाव. स्प्रॉकेटचा बोल्ट कोरडा, फ्लायव्हीलचे दाते अडकवून १२० आणि पाव. त्याला दोघे लागलो.

पहिल्या स्टार्टला पंपाच्या सोलेनॉइडची (डिझेल बंद-चालू करणारी विजेची झडप) वायर काढून ठेवली आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसती स्टार्टरवर फिरवली. मग वायर लावली. तिसऱ्या फिरकीला धरली. गरम झाल्यावर गेज लावून तेलाचं प्रेशर पाहिलं, २००० आरपीएमला २ बारच्या खाली नको असं मॅन्युअल सांगतं, आपलं ३.४ आहे. आज बाबांनी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या. खिडकी उघडी ठेवून, आवाज ऐकत.

---

निवृत्त_फिटर (९:४०)

३.४ म्हणजे उत्तम. पहिलं तेल आणि फिल्टर लवकर बदल, ५०० किलोमीटरला. जुनं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढ आणि उन्हात बघ, चमक दिसली तर इथे लिही. फ्लायव्हीलचे सहा बोल्ट नवीन घातलेस का? तुझ्या यादीत नव्हते.

---

रंकाळाकाठ (९:५२)

घातले काका. मिस्त्रींनीच आठवण केली, "हेही थकले असतील." ६० आणि पाव.

---

मीटरगेज (१०:०५)

रंकाळाकाठ, ते जुने दहा बोल्ट टाकले नसतील तर मला हवेत. माझ्या वर्गात पोरांना व्हर्नियर देऊन मोजायला लावते. लांबलेले सहा कोणते ते त्यांनीच शोधून काढू दे. पोस्टाचा खर्च मी देते.

---

रंकाळाकाठ (१०:११)

ताई, खर्च कसला. पण नऊच पाठवतो. ०.४ वाला मिस्त्रींनी ठेवून घेतलाय, टॉर्क पान्याच्या डब्यात.